लॉख नेय : आयर्लंडमधील सर्वांत मोठे सरोवर आणि त्याचे आयरिश नाव

उत्तर आयर्लंडचा नकाशा पाहताना मध्यभागी दिसणारे आयताकार निळे क्षेत्र म्हणजे लॉख नेय हे नैसर्गिक गोड्या पाण्याचे सरोवर होय. सुमारे 392 चौरस किलोमीटर पृष्ठफळ असलेले हे सरोवर आयर्लंड बेटावरील, तसेच संपूर्ण युनायटेड किंग्डममधील, सर्वांत विस्तीर्ण सरोवर आहे. त्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे 30 किलोमीटर व रुंदी सुमारे 15 किलोमीटर असून किनाऱ्याची एकूण लांबी सव्वाशे किलोमीटरच्या जवळपास भरते. उत्तर आयर्लंडच्या सहा परगण्यांपैकी अँट्रिम, डाउन, आर्मा, टायरोन आणि लंडनडेरी या पाचांच्या सीमा त्याच्या पाण्याला भिडतात. केवळ फर्मॅना हा परगणा त्यापासून दूर राहतो.

विस्ताराच्या मानाने या सरोवराची खोली अगदीच कमी आहे. सरासरी खोली नऊ मीटर आणि कमाल खोली सुमारे 25 मीटर. स्कॉटलंडमधील सुप्रसिद्ध लॉख नेस याचे पृष्ठफळ अवघे 56 चौरस किलोमीटर असूनही त्यात लॉख नेयच्या दुपटीहून अधिक पाणी मावते. एवढी त्याची खोली आहे. लॉख नेय हे याच्या नेमके उलट, म्हणजे पसरट आणि उथळ असा जलाशय आहे. त्याची सुपीकता, त्यातील मासळी, त्यावरील पक्षिजीवन आणि अलीकडे त्याच्यावर ओढवलेले संकट या साऱ्यांचे मूळ या एकाच गुणधर्मात आहे. वाऱ्याने पाणी तळापर्यंत ढवळले जाते, त्यामुळे उन्हाळ्यातही उबदार व थंड पाण्याचे स्थिर थर सहसा बनत नाहीत आणि तळाच्या गाळातील पोषक द्रव्ये पुन्हा पुन्हा वर येत राहतात.

या सरोवराला सहा मोठ्या नद्या मिळतात : अप्पर बॅन, ब्लॅकवॉटर, बॅलिंडेरी, मॉयोला, मेन आणि सिक्स माइल वॉटर. बाहेर पडणारी नदी मात्र एकच, ती म्हणजे लोअर बॅन. वायव्य कोपऱ्यातील टूम या गावापाशी ती सरोवरातून निघते, लगेच लॉख बेग या लहान सरोवरातून जाते आणि उत्तरेस सुमारे साठ किलोमीटर वाहून अटलांटिक महासागरास मिळते. एकंदर पाणलोट क्षेत्र साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या आसपास असून उत्तर आयर्लंडच्या भूमीचा सुमारे 43 टक्के भाग आपले पाणी या सरोवरात सोडतो; मोनॅहन परगण्याच्या रूपाने सीमेपलीकडील आयर्लंड प्रजासत्ताकाचाही काही अंश त्यात येतो. सरोवरातील पाणी एकदा पूर्णपणे बदलण्यास सरासरी सव्वा वर्ष लागते. सहा वाटांनी येणे आणि एका वाटेने जाणे असा हा व्यवहार असल्याने येथे आलेली वस्तू सहजासहजी बाहेर जात नाही. लॉख नेयचा अभ्यास करताना ही गोष्ट वारंवार प्रत्ययास येते, आणि भूगोलाइतकीच ती त्याच्या नावालाही लागू पडते असे मला वाटते.

सरोवराच्या उत्पत्तीचा वृत्तान्त महाराष्ट्रातील वाचकाला काहीसा ओळखीचा वाटेल. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक महासागर उघडू लागला, त्या काळात या प्रदेशात भूपृष्ठाच्या भेगांमधून लाव्ह्याचे प्रचंड लोट वाहिले आणि त्यांचे थरावर थर साचून अँट्रिमचे बेसाल्ट पठार तयार झाले. आपले दख्खनचे पठार त्याआधी काही दशलक्ष वर्षे याच प्रकारच्या उद्रेकांतून घडले. अँट्रिमच्या उत्तर किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवे येथील बहुकोनी दगडी स्तंभ आणि अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे स्तंभ हे थंड होताना आकसलेल्या बेसाल्टचेच आविष्कार आहेत. अँट्रिमच्या पठाराचा मध्यभाग मात्र पुढे प्रस्तरभंगांच्या रेषांवर खचत गेला. या खचलेल्या द्रोणीत ऑलिगोसीन कालखंडात विस्तीर्ण जलाशय व दलदली होत्या. त्यांत माती, वाळू व वनस्पतींचे अवशेष साचून शेकडो मीटर जाडीचे थर तयार झाले. ते आज लॉख नेय मृत्तिका या नावाने ओळखले जातात आणि त्यांत लिग्नाइट कोळशाचे साठेही आहेत. त्यानंतर हिमयुगातील बर्फाच्या प्रवाहांनी या द्रोणीला पुन्हा खरवडले आणि त्यांनी आणलेल्या गाळाने तिच्या कडा घडवल्या. आजचे सरोवर या दीर्घ इतिहासाचा सर्वांत अलीकडचा टप्पा आहे.

येथील अश्मीभूत लाकडाची कीर्ती फार जुनी आहे. लॉख नेयच्या पाण्यात लाकूड ठेवले तर त्याचा दगड होतो, ही समजूत नवव्या शतकातील ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या लॅटिन ग्रंथातील आश्चर्यांच्या यादीतही आढळते. किनाऱ्यावर व शेतांत असे तुकडे खरोखरच सापडतात. त्यांच्यावर लाकडाचे उभे तंतू स्पष्ट दिसतात. हातात घेतल्यावर वजन आणि थंडपणा मात्र दगडाचा. अशा तुकड्यांवर पूर्वी वस्तरे व विळे परजले जात आणि त्यांचा व्यापारही चाले. प्रत्यक्षात हे कार्य सरोवराच्या पाण्याचे नाही. प्राचीन दलदलीत गाडल्या गेलेल्या झाडांच्या पेशींत सिलिकायुक्त भूजल झिरपले आणि लाकडाच्या जागी कणाकणाने खनिज बसत गेले. या प्रक्रियेला अश्मीभवन म्हणतात. झाडे ऑलिगोसीन काळातील आहेत, त्यामुळे आजच्या सरोवराहून ती कितीतरी प्राचीन ठरतात.

आता नावाकडे वळू. आयरिश भाषेत या सरोवरास ‘लॉख न्याहख’ म्हणतात. त्यातील ‘ख’चा उच्चार घशातून घासत येणाऱ्या ध्वनीचा आहे. ‘लॉख’ या शब्दाने आयरिशमध्ये सरोवराचा बोध होतो तसाच समुद्राच्या भूमीत शिरलेल्या मुखाचाही होतो. म्हणूनच बेलफास्टजवळची खाडी आणि दक्षिणेकडील कार्लिंगफर्डची खाडी यांच्या नावांतही ‘लॉख’ आहे. नावाचा उत्तरार्ध ‘ओखी’ या प्राचीन पुरुषनामाचे षष्ठीचे रूप आहे. म्हणजेच ‘लॉख न्याहख’ हे ‘ओखीचे सरोवर’ होय. ओखी हे नाव प्राचीन आयरिश ‘एख’ म्हणजे घोडा या शब्दाशी जोडले जाते, आणि हा ‘एख’ लॅटिन ‘एक्वुस’ व संस्कृत ‘अश्व’ यांचा सगोत्र आहे. याच पुरुषनामापासून सिद्ध झालेले आणखी एक स्थलनाम म्हणजे दक्षिणेकडील डाउन परगण्यातील आयव्हे; ओखीच्या वंशजांचा प्रदेश असा त्याचा अर्थ आहे.

या नावाच्या आरंभीचा ‘न’ विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण तो मूळ नावातला नाही. प्राचीन आयरिशमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे होती आणि ‘लॉख’ हा शब्द नपुंसकलिंगी होता. नपुंसकलिंगी नामाच्या प्रथमा व द्वितीया एकवचनानंतर येणाऱ्या शब्दाच्या आरंभी अनुनासिक ध्वनी येत असे. त्या नियमाने ‘एखख’ या षष्ठीच्या रूपाआधी ‘न’ आला. पुढे आयरिश भाषेतून नपुंसकलिंग लोप पावले आणि ‘लॉख’ पुल्लिंगी झाला. परंतु सरोवराच्या नावात जडलेला ‘न’ मात्र तसाच राहिला. आयरिश लेखनपद्धती हे मूळ फार सुंदरपणे जपते. तेथे हा ‘न’ लहान अक्षरात व ओखीच्या नावाचे आद्याक्षर त्यानंतर मोठ्या अक्षरात लिहितात, त्यामुळे मूळ नाव कोठून सुरू होते ते वाचकाला तत्काळ कळते. इंग्रजीत नाव गेले तेव्हा हा भेद पुसला गेला आणि ‘नेय’ हाच मूळ शब्द आहे असे वाटू लागले. आर्मा परगण्यातील स्लीव्ह गुलियन या डोंगराच्या नावातील ‘ग’ही याच नियमाचा अवशेष आहे (या नियमाने आरंभीच्या ‘क’चा ‘ग’ होत असे), कारण डोंगर या अर्थाचा ‘स्लीव्ह’ हा शब्दही पूर्वी नपुंसकलिंगी होता. तळे, सरोवर ही नामे आजही नपुंसकलिंगात वापरणाऱ्या मराठी भाषकाला हा तपशील समजण्यास अवघड जाऊ नये.

सत्तेच्या बळावर हे नाव बदलण्याचा प्रयत्नही झाला. इंग्रज राजवटीच्या विस्तारकाळात सर हेन्री सिडनी व सर आर्थर चिचेस्टर या लॉर्ड डेप्युटींच्या (आयर्लंडमधील राजप्रतिनिधींच्या) नावांवरून सरोवरास ‘लॉख सिडनी’ आणि ‘लॉख चिचेस्टर’ अशी नावे देण्यात आली. ती कागदोपत्री काही काळ दिसली आणि नाहीशी झाली. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडची भूमापन मोहीम सुरू झाल्यावर जॉन ओडॉनोव्हन या थोर विद्वानाने गावोगावी जाऊन स्थलनामांची मूळ आयरिश रूपे पडताळली. आजही बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात 1987 पासून उत्तर आयर्लंडच्या स्थलनामांचे पद्धतशीर संशोधन चालू आहे. सरोवराकाठची इतर नावेही अशीच बोलकी आहेत. टूम म्हणजे थडग्याचा उंचवटा, मॅघरी म्हणजे मैदान, लॉख बेग म्हणजे लहान सरोवर आणि आर्डबो म्हणजे गाईची टेकडी. आर्डबो येथील मठ एका अद्भुत गाईच्या दुधाने सिद्ध केलेल्या चुन्यात बांधला गेला अशी आख्यायिका आहे. बायबलमधील प्रसंग कोरलेला तेथील दहाव्या शतकातील उंच दगडी क्रूस सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर आजही उभा आहे.

ज्याच्या नावाने सरोवर ओळखले जाते त्या ओखीची कथा सुमारे 1100 साली लिहिल्या गेलेल्या ‘लेबर ना हुइद्रे’ या हस्तलिखितात आली आहे. आयरिश भाषेतील साहित्याची जी हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत त्यांतील हे अत्यंत प्राचीन असून डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीत जतन केलेले आहे. कथेनुसार ओखी आपल्या तरुण सावत्र आईसह घर सोडून निघतो. एंगस हा देव त्याला सामान वाहण्यासाठी एक प्रचंड घोडा देतो, मात्र त्याला थांबू देऊ नये अशी ताकीदही देतो. इष्ट स्थळी पोहोचल्यावर ताकीद विसरली जाते, घोडा मूत्र विसर्जन करतो आणि तेथे झरा फुटतो. ओखी त्याभोवती घर बांधून झाकण बसवतो व राखणीस एक स्त्री नेमतो. एके दिवशी झाकण उघडे राहते, पाणी उसळते आणि ओखी व त्याचे कुटुंब बुडून सरोवर निर्माण होते. वाचलेल्या मोजक्यांपैकी ली बान ही त्याची कन्या पाण्याखालील दालनात वर्षभर राहते आणि मग अर्धी स्त्री, अर्धी सामन मासा होते. तिचा लहानसा कुत्रा पाणमांजर होतो. तीनशे वर्षांनी ती जाळ्यात सापडते, तिला ख्रिस्ती दीक्षा मिळते आणि ‘समुद्रात जन्मलेली’ अशा अर्थाचे नाव दिले जाते. बाराव्या शतकात जिराल्डस या लेखकाने स्वच्छ दिवशी पाण्याखाली उंच गोल मनोरे दिसतात असे कोळी सांगत असल्याची नोंद केली आहे. सरोवराच्या उत्पत्तीची आणखी एक लोककथा फिन मॅककूल या महाकाय वीराची आहे. त्याने प्रतिस्पर्ध्यावर फेकण्यासाठी मातीचा गोळा उपसला, त्याच्या खड्ड्याचे सरोवर झाले आणि समुद्रात पडलेल्या गोळ्याचे आइल ऑफ मॅन हे बेट झाले, असे ती सांगते.

सरोवरातील जीवसृष्टीत पोलन या माशाला आगळे स्थान आहे. रुपेरी रंगाचा, सामनच्या कुळातील हा मासा पश्चिम युरोपात केवळ आयर्लंडच्या मोजक्या सरोवरांत आढळतो आणि त्याचे जवळचे नातलग सायबेरिया व अलास्काच्या शीत प्रदेशात आहेत. हिमयुगाच्या अखेरीस समुद्रातून नद्यांमध्ये शिरलेले त्याचे पूर्वज येथेच राहिले असावेत असे मानले जाते. या माशाला 2018 साली युरोपीय संघाचे संरक्षित उत्पत्तिनाम प्राप्त झाले. डोलाघन ही येथील ट्राउट माशाची स्थानिक जातही नद्यांत चढून अंडी घालते.

तरीही लॉख नेयची ख्याती मुख्यतः वाम माशामुळे आहे. युरोपीय वाम अटलांटिकच्या पलीकडील सारगासो समुद्रात जन्मते. पानासारख्या चपट्या अळीच्या रूपात ती सागरी प्रवाहांबरोबर युरोपकडे येते आणि किनाऱ्याजवळ तिचे काचेसारख्या पारदर्शक, बोटभर लांबीच्या पिलात रूपांतर होते. त्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके तेवढे चटकन दिसतात. ही पिले वसंतात लोअर बॅन नदीत शिरतात. कोलरेनजवळच्या बांधाशी त्यांना चढता यावे म्हणून गवताचे दोर सोडण्याची जुनी पद्धत आहे. आता तेथे पिले गोळा करून वाहनाने सरोवरात नेऊन सोडतात. पुढील दहा-वीस वर्षे ती सरोवरातच वाढतात. या काळात कोळी दोघे-दोघे होडीने जाऊन गांडुळांसारखे आमिष लावलेले शेकडो गळ असलेले लांब दोर सायंकाळच्या सुमारास पाण्यात सोडतात आणि पहाटे उचलतात. पूर्ण वाढलेली वाम रुपेरी होते, तिचे डोळे मोठे होतात आणि शरद ऋतूतील अंधाऱ्या, वादळी रात्री ती समुद्राकडे परतू लागते. तेव्हा तिला टूमच्या बंधाऱ्यापाशी पकडतात. काही भाग मोकळा सोडलेला असतो, जेणेकरून पुरेशा वामांना सारगासोपर्यंत जाता यावे.

या मासेमारीच्या हक्कासाठी कोळ्यांना दीर्घ लढा द्यावा लागला. सतराव्या शतकातील राजाज्ञांमुळे हे हक्क खासगी मालकीत गेले होते आणि 1911 साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनेही कोळ्यांच्या विरोधात निकाल दिला. अखेर 1965 साली फादर ऑलिव्हर केनेडी यांच्या नेतृत्वाखाली लॉख नेय मच्छीमार सहकारी संस्था स्थापन झाली आणि काही वर्षांत तिने संपूर्ण हक्क विकत घेतले. सहकाराच्या बळावर उभ्या राहिलेल्या संस्थांचे मोल महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. येथील वाम मुख्यतः नेदरलँड्समध्ये धुरावून खाण्यासाठी आणि लंडनच्या मासळी बाजारात जात असे. 2011 साली तिला संरक्षित भौगोलिक निर्देशन मिळाले. याच किनाऱ्याच्या परिसरात वाढलेले नोबेल पारितोषिकविजेते कवी शेमस हीनी यांनी 1969 च्या आपल्या संग्रहात या कोळ्यांवर एक कवितामालिका लिहिली आहे. युरोपीय वाम ही प्रजाती आज अतिसंकटग्रस्त मानली जाते, त्यामुळे काचेसारख्या पिलांची नैसर्गिक आवक घटली आहे आणि संस्थेला अन्यत्रून पिले आणून सोडावी लागतात.

सरोवराचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यावरील माश्या. त्या चावत नाहीत. त्यांच्या लाल अळ्या तळाच्या चिखलात वाढतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी प्रौढ माश्या इतक्या संख्येने बाहेर पडतात की काठच्या झाडांवर धुराचे लोट उठल्याचा भास होतो. वाम, पोलन आणि हिवाळी बदके यांचे अन्न मोठ्या प्रमाणात या अळ्यांवर अवलंबून असते. लालसरी, शेंडी बदक यांसारखी बुडी मारणारी बदके हिवाळ्यात येथे येतात. याच जाती आपल्याकडे उजनी व जायकवाडीच्या जलाशयांवरही दिसतात. आइसलँडहून येणारे हंसही येथे हिवाळा काढतात. या महत्त्वामुळे लॉख नेय व लॉख बेग यांना 1976 सालीच रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. मात्र चालू शतकात बुडी मारणाऱ्या बदकांची संख्या झपाट्याने घटली आहे.

मानवी उपयोगांचा विचार करता पाणीपुरवठा सर्वप्रथम येतो. उत्तर आयर्लंडचे सुमारे 40 टक्के पिण्याचे पाणी लॉख नेयमधून घेतले जाते. तळाची वाळू बांधकामासाठी उपसली जाते. 1742 साली खुला झालेला न्यूरी कालवा अप्पर बॅन नदीमार्गे सरोवराला समुद्राशी जोडत असे. पुढे लागन कालव्याने ते बेलफास्टशीही जोडले गेले. पुरापासून शेती वाचवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आणि त्यानंतर विसाव्या शतकात पुन्हा पाण्याची पातळी खाली आणण्यात आली. आज टूमच्या दरवाजांद्वारे ती ठरावीक मर्यादेत राखली जाते. सरोवराचा तळ चिचेस्टर घराण्याकडून वारसाहक्काने शाफ्ट्सबरीच्या अर्लकडे आला असून तो आजही खासगी मालकीचा आहे, ही गोष्ट एका सार्वजनिक जलस्रोताच्या संदर्भात विचार करायला लावणारी आहे.

सन 2023 च्या उन्हाळ्यात सरोवरावर नीलहरित जीवाणूंचा दाट हिरवा थर पसरला. तो उपग्रहचित्रांतही स्पष्ट दिसत होता आणि लोअर बॅनमार्गे समुद्रापर्यंत पोहोचल्याने उत्तर किनाऱ्यावर पोहण्यास मनाई करावी लागली. माश्यांचे परिचित लोटही त्या वर्षी विरळ झाल्याचे किनाऱ्यावरील लोकांच्या लक्षात आले. मूळ कारण फॉस्फरसचे आधिक्य होय. पशुपालन व कुक्कुटपालनातील मलमूत्र, खते आणि सांडपाणी यांच्यामार्गे ते सहा नद्यांतून येते. ही समस्या 1960 च्या दशकापासून ज्ञात होती आणि 1980 च्या दशकात सांडपाणी केंद्रांत फॉस्फेट काढण्यास प्रारंभही झाला होता. परंतु शेतीतून येणारा वाटा कमी झाला नाही. त्यातच 2005 साली सरोवरात आढळलेल्या झेब्रा शिंपल्यांनी पाणी गाळून नितळ केले, त्यामुळे सूर्यप्रकाश खोलवर पोहोचू लागला. गेल्या अनेक दशकांत तळाच्या चिखलात साचलेला फॉस्फरस वारा आणि उष्णता यांमुळे पुन्हा पाण्यात मिसळतो. म्हणून नद्यांतून येणारी आवक उद्या थांबली, तरी सरोवर पूर्ववत होण्यास अनेक वर्षे लागतील असे शास्त्रज्ञ सांगतात. उत्तर आयर्लंडच्या शासनाने 2024 साली स्वीकारलेल्या कृतियोजनेचा भर त्यामुळे नद्यांच्या उगमाकडील शेतीवर, खताच्या साठवणुकीवर आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर आहे.